सीट पुढे वळवायची घाई नको

मूल चालायला लागलं, दोन-चार शब्द बोलायला लागलं, की गाडी असलेल्या घरात एक सूचना हमखास येते. 'आता मोठा झाला, सीट पुढे वळवा की. किती दिवस त्याला उलटं बसवणार?' आजी म्हणते, काका म्हणतो, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणतात, कार सीट विकणारा दुकानदारही म्हणतो. सगळे मायेनंच म्हणतात. मग एका रविवारी सीट सोडवून पुढे तोंड करून बसवली जाते. मुलाला समोरचा रस्ता दिसतो, मूल खूश, घर खूश. माझं म्हणणं एवढंच, की बहुतेक घरांत हा निर्णय वर्षभर तरी लवकर घेतला जातो, आणि तो घेताना जिथे नजर जायला हवी तिथे जातच नाही.

माझा मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे, वजन साडेदहा किलो. मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. सासर कराडचं, त्यामुळे सणावाराला, कार्याला आमची गाडी सातारा रस्त्याला लागते. जाताना खंबाटकीची चढण, आणि येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे येणारा तो उतार. त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकनी किती गाड्या चिरडल्या, हे पुणेकरांना सांगायला नको. आम्ही कितीही सांभाळून चालवली तरी शेजारून उतरणारा ट्रक आमच्या हातात नसतो. मुलगा कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून बसला आहे, हे मात्र पूर्णपणे आमच्या हातात असतं.

आधी मांडीचा विषय संपवते, कारण आपल्याकडे खरी स्पर्धा उलट्या आणि सुलट्या सीटमध्ये नसून सीट आणि मांडी यांच्यात आहे. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, 'अगं, दे माझ्याकडे. मी घट्ट धरते त्याला.' मी त्यांना म्हटलं, 'आई, हिशेब करून दाखवू?' आणि वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी समोर आदळली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर सरासरी तिच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. साडेदहा किलोचं मूल त्या क्षणी दोनशे किलोंहून जड होतं. दोनशे किलो कोण धरणार? पैलवानही धरू शकत नाही. हाच वेग उंचीत मोजला तर सुमारे दहा मीटर भरतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. सासूबाईंनी आकडा दोनदा वाचला. त्यानंतर मांडीचा आग्रह त्यांनी पुन्हा धरला नाही. उलट आता नातेवाइकांना त्याच सांगतात.

आता सीटचं तोंड. समोरून धडक बसते तेव्हा गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. एसटीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपलं अंग सीटवर राहतं आणि मान पुढे झुकते, हा अनुभव सगळ्यांना आहे. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे खांदे आणि कंबर पट्ट्यांनी धरलेली असतात. डोकं धरलेलं नसतं. ते पुढे फेकलं जातं आणि त्याला मागे खेचून धरायचं काम एकट्या मानेवर येतं. त्या मानेचा विचार करा. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या वजनाच्या साधारण 6 टक्के असतं, तान्ह्या बाळाचं जवळजवळ पाव असतं, आणि दीड वर्षाचं मूल या बाबतीत बाळाच्याच जास्त जवळ. दोन-अडीच किलोचं ते डोकं, त्याला तोच वीसचा गुणक लावा, की नाजूक मानेवर चाळीस-पन्नास किलोंची ओढ येते. आणि हा सरासरीचा हिशेब झाला. धडकेच्या मधल्या क्षणी जोर याहून जास्त असतो.

ही मान आतून कशी असते, हे बालरोगतज्ज्ञ असलेल्या माझ्या मैत्रिणीने मला एकदा कागदावर काढून दाखवलं. आपल्या मानेचा प्रत्येक मणका हे एक अखंड हाड असतं. लहान मुलाचा मणका तसा नसतो. हाडाचे तीन-चार तुकडे आणि त्यांना जोडणारी कूर्चा, असा तो असतो. हे तुकडे एकजीव व्हायला तीन ते सहा वर्षं लागतात, एखाद्या मणक्याला थोडी जास्तच. स्नायूही कच्चे, अस्थिबंध सैल. त्यामुळे ओढ बसली की कणा ताणला जातो, पण त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू तेवढा ताणला जाऊ शकत नाही. कणा वरून शाबूत दिसतो आणि आत मज्जारज्जूला इजा झालेली असते. तिने पेन खाली ठेवून म्हटलं, 'मूल गुटगुटीत आहे म्हणून त्याची मान लवकर तयार होत नाही. मान वयाने तयार होते.'

मागे तोंड असलं की हे सगळं चित्र बदलतं. त्याच धडकेत मूल पुढे फेकलं जाण्याऐवजी सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत, एकाच वेळी, एकाच वेगाने थांबतात. जोर खांद्यावरच्या दोन पट्ट्यांऐवजी अख्ख्या पाठीवर पसरतो आणि मानेला ओढ जवळजवळ बसतच नाही. वर्गात बल आणि क्षेत्रफळ शिकवताना मी आता हेच उदाहरण देते.

ही कल्पना काही आजची नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले बर्टिल आल्डमन यांनी 1960च्या दशकात लहान मुलांसाठी मागे तोंड असलेली सीट तयार केली. 1964 साली तिचा नमुना व्होल्वोच्या गाडीत तपासला गेला. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसत, म्हणजे तो प्रचंड जोर पाठीवर पसरे. आल्डमन यांना कल्पना तिथून सुचली. 1972 मध्ये व्होल्वोने अशी सीट विकायला काढली. तेव्हापासून तिथली मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात, आणि त्याचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. चाचणीत मानेवर येणारी ओढ मोजून 'प्लस टेस्ट' नावाची एक कडक खूण तिथे दिली जाते. ती मिळवणाऱ्या सीट मागे तोंड असलेल्याच आहेत.

बाकीच्या जगाला हे उशिरा पटलं. युरोपात जुन्या नियमाप्रमाणे, म्हणजे आर 44 प्रमाणे, मूल 9 किलोंचं झालं की पुढे तोंड चालत असे. 2013 मध्ये आलेल्या आर 129 या नियमाने वजनाऐवजी वय धरलं आणि 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला मनाई केली. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संस्था, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स, 2011 पासून 'किमान दोन वर्षं' म्हणत होती. 2018 मध्ये तिने दोन वर्षांची अट काढून टाकली आणि सांगितलं, की सीटच्या वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत, जितका जास्त काळ जमेल तितका काळ मागे तोंड असू द्या.

त्या अटीमागे एक गोष्ट आहे आणि ती लपवून माझी बाजू मांडणं मला बरोबर वाटत नाही. दोन वर्षांखालची मुलं मागे तोंड असताना पाचपट सुरक्षित असतात, असं सांगणारा 2007 चा एक अभ्यास खूप गाजला होता. त्याच्या आकडेमोडीत चूक सापडली आणि तो मागे घेतला गेला. 'पाचपट' हा आकडा अजूनही जाहिरातींत फिरतो, तो वापरू नये. पण त्या आकड्याबरोबर मूळ कारण गेलं नाही. मानेवरची ओढ चाचणीत मोजता येते, दर वेळी मोजली जाते, आणि दिशा बदलली की ती बदललेली दिसते. मी ज्या पुराव्यावर विसंबते तो हा.

आता आपल्या बाजारात काय मिळतं ते पाहू, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. आपल्याकडच्या बऱ्याच सीट दोन्ही दिशांना बसणाऱ्या असतात. लेबलवर लिहिलेलं असतं: मागे तोंड 13 किलोंपर्यंत, पुढे तोंड 9 ते 18 किलो. म्हणजे 9 ते 13 किलो या पट्ट्यात दोन्ही चालतं, असा अर्थ निघतो. आम्ही सीट घेतली तिथल्या विक्रेत्याने ठामपणे सांगितलं, 'मॅडम, नऊ किलो झाले की पुढे फिरवायची.' लेबल असं सांगतच नाही. 9 किलोंनंतर ते परवानगी देतं, आज्ञा करत नाही. आणि या चार किलोंच्या पट्ट्यातच मुलाच्या मानेची सगळ्यात नाजूक वर्षं येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात दीड वर्षाच्या मुलाचं मधलं वजन 10.9 किलो, मुलीचं 10.2 किलो आहे. दोन वर्षांना मुलगा 12.2, मुलगी 11.5. म्हणजे साधी 13 किलोंची सीटसुद्धा बहुतेक मुलांना दोन वर्षांपर्यंत मागे तोंड करून पुरते, बारीक चणीच्या मुलांना त्याहून जास्त. नवं काही विकत घ्यावं लागत नाही. आहे ती सीट फिरवायची नाही, एवढंच करायचं आहे. 18 किलोंपर्यंत मागे तोंड चालणाऱ्या सीटही असतात. नवी घेणार असाल तर तीच पाहा.

घरातले आक्षेप मी ऐकले आहेत आणि एकही हसण्यावारी नेलेला नाही. सगळ्यात मोठा आक्षेप पायांचा: 'पाय आखडतात बिचाऱ्याचे.' आमच्याकडे मुलगा सीटवर बसला की आधी दोन्ही पाय गाडीच्या सीटच्या पाठीला लावतो, मग थोड्या वेळाने एक पाय दुमडून घेतो आणि शिरवळ यायच्या आत मांडी घालून बसलेला असतो. हातात खारी. घरात जमिनीवर हे मूल दिवसभर असंच बसतं, गाडीतच त्याला ते कसं टोचेल? पाय मोडतील ही भीतीही ऐकते. पायांच्या इजा पुढे तोंड असलेल्या मुलांनाच जास्त होतात, कारण त्यांचे पाय उसळून पुढच्या सीटवर आदळतात. आणि मोडलेला पाय प्लास्टरने बरा होतो. मज्जारज्जूला प्लास्टर नाही.

'मागून कुणी ठोकलं तर?' हा प्रश्न विचारणारा माणूस खरोखर विचार करतो आहे, असं मी मानते. समोरच्या धडका संख्येनेही जास्त आणि जोरानेही. मागून ठोकणारी गाडी बहुतेक वेळा आपल्याच दिशेने चाललेली असते, त्यामुळे वेगातला फरक कमी असतो. ओहायो स्टेट विद्यापीठात 2018 मध्ये मागून बसणाऱ्या धडकेची चाचणी घेतली, तेव्हाही मागे तोंड असलेल्या सीटने चांगलं संरक्षण दिलं.

रडण्याचा आणि उन्हाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो पुस्तकात कुणी सोडवून ठेवलेला नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे एसीची जाळी नसते, आणि उलट्या सीटची उंच पाठ पुढून येणारी हवा अडवते. एप्रिल-मे महिन्यात मुलाची पाठ घामाने चिंब होते. आम्ही त्याला बसवण्याआधी दारं उघडी टाकून, मग एसी लावून गाडी गार करून घेतो. उन्हात उभ्या गाडीत बकलाचा धातू चटका देण्याइतका तापतो, म्हणून तो आधी मी स्वतःच्या मनगटाला लावून पाहते. मागच्या काचेतून ऊन थेट डोळ्यांवर येतं, त्याला जाळीचा पडदा. कपडे सुती आणि सुटसुटीत. पट्ट्याच्या आत उशी, गादी, जाड दुपटं काहीही नाही, कारण धडकेत ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. आणि लांबचा प्रवास असेल तर आमच्यापैकी एक जण मागे त्याच्याशेजारी बसतो. त्याला समोरचा रस्ता दिसत नाही, पण आईचा चेहरा दिसतो, मागची मोठी काच दिसते, मागून येणारे ट्रक दिसतात. ट्रक दिसला की तो आनंदाने ओरडतो.

जागा अपुरी पडते, हेही खरं. छोट्या हॅचबॅकमध्ये उलटी सीट बसवली की तिच्या पुढची सीट सरकवावी लागते. नवरा उंच असल्यामुळे आमची सीट ड्रायव्हरच्या मागे मावत नाही. ती डाव्या बाजूला आहे, आणि त्यात एक फायदा आहे: मूल फुटपाथच्या बाजूला उतरतं. पुढच्या, एअरबॅग असलेल्या जागेवर उलटी सीट कधीही ठेवायची नाही, इथे अपवाद नाही. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत पुढे बसलेलं सहा वर्षांचं मूल एअरबॅगच्या दणक्याने गेलं. अपघात मोठी माणसं वाचतील असाच होता.

बसवताना दोन गोष्टी हाताने तपासा. जुन्या नियमाच्या सीटवर मागे तोंड असताना बेल्ट जिथून न्यायचा तिथे निळी खूण असते आणि पुढे तोंड असताना लाल. निळ्या-लालची गल्लत झालेल्या सीट आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहिल्या आहेत. गुडघा सीटवर रोवून बेल्ट खेचा, मग बेल्ट जातो तिथे धरून सीट हलवा. एका इंचाहून जास्त हलली तर पुन्हा खेचा. खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली हवेत, आणि खांद्यावर पट्टा चिमटीत पकडता येऊ नये.

सरकारकडेही माझं मागणं आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ब आलं. त्यात चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा सीटविना असेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण किती वयाला साधा बेल्ट चालेल आणि किती वयाला सीटच हवी, सीट कोणत्या दिशेला हवी, यावर ते कलम काही बोलत नाही. शब्दशः घेतलं तर दीड वर्षाच्या मुलाला मोठ्या माणसाचा बेल्ट लावूनही काम भागतं, आणि तो बेल्ट तर थेट त्याच्या गळ्यावर येतो. दुचाकीवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम झाला: हार्नेस, हेल्मेट, ताशी 40 ची मर्यादा. वय धरून नियम करता येतो, हे सरकारने तिथे दाखवून दिलं आहे. मोटारीसाठीही करावा.

गाड्यांच्या जाहिरातीत हल्ली 'बालसुरक्षेला पाच तारे' असतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये बालसुरक्षेला 49 गुण आहेत, आणि त्यांतले धडकेच्या चाचणीचे गुण ज्यांच्यावर मोजले जातात त्या दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या पुतळ्या असतात. त्या पुतळ्या बालसुरक्षा सीटवर बसवलेल्या असतात. मूल मांडीवर असेल किंवा सनरूफमधून डोकं बाहेर काढून उभं असेल, तर ते पाच तारे त्याच्यासाठी नाहीत. शोरूममध्ये गाडी दाखवणाऱ्याने हे एक वाक्य सांगायला हवं. सनरूफला आणि अलॉय व्हीलला जे पैसे सहज मोजले जातात, त्यांच्या थोड्याशा भागात चांगली सीट येते.

सीट वळवायची वेळ कधी, याचं उत्तर दोनच खुणांत आहे. एक, मुलाचं वजन मागे तोंडाच्या मर्यादेपलीकडे गेलं. दोन, डोकं सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला आलं. पाय लांब झाले, वाढदिवस झाला, काकूंनी सांगितलं, ही कारणं नव्हेत. मर्यादा ओलांडल्यावर मूल पुढे तोंड करून, पट्टे नीट घट्ट लावून बसलं तर ते मांडीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, तिथे आईबापांनी मनाला लावून घेऊ नये.

बालरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. नवव्या महिन्याच्या लशीला आणि दीड वर्षाच्या डोसाला प्रत्येक मूल तुमच्याकडे येतं. सीट फिरवण्याचा विचार घरात नेमका याच दिवसांत चाललेला असतो. वजन टिपताना एकदा विचारा, 'गाडीत कसं बसतं?' दुकानदाराचं ऐकणारे आईबाप तुमचं नक्की ऐकतील. आणि ज्यांची सीट पुढे वळलेली आहे त्यांनी आज संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन सीटच्या बाजूचं लेबल वाचावं. मूल मागे तोंडाच्या मर्यादेत असेल, तर सीट पुन्हा मागे वळवा.